मॅक, विंडोज आणि उबुंटू एकाच राउटरला, तरी फाइली पेनड्राइव्हनेच

छापखाना_सांगली:
मंडळी, आमचा लहानसा डीटीपी-ऑफसेटचा धंदा आहे, तीन मशीन तीन तऱ्हेची. डिझाइनला मॅक, बिलिंग आणि जुन्या फॉन्टच्या फाइलींना विंडोज ११ प्रो, आणि कोपऱ्यात एक जुना पीसी, त्यावर भाच्याने उबुंटू (लिनक्स) टाकून दोन मोठ्या डिस्क लावल्यात, सगळं काम तिथंच साठवायचं म्हणून. मॅकवरून उबुंटूचा फोल्डर पासवर्ड न विचारता उघडतो, विंडोजवरून उघडतही नाही आणि नेटवर्कमध्ये दिसतही नाही. मॅकवरून विंडोजमध्ये शिरायला गेलं की पासवर्ड चुकीचा म्हणतंय, मी रोज टाकतो तोच टाकतोय! एक जण म्हणाला एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली शेअर करायची जुनी पद्धत) चालू कर, सगळं दिसेल. करू का? लग्नपत्रिकांचा सीझन आहे, डोकं फिरलंय.

केबलवाला:
एसएमबी १ ला हात लावू नका. २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो त्यातल्याच भोकातून. सांबानेही (लिनक्सवर शेअरिंग सांभाळणारा प्रोग्रॅम) ४.११ आवृत्तीपासून ते डिफॉल्ट बंद केलंय.
आणि मशीन दिसणं वेगळं, फोल्डर उघडणं वेगळं. दिसायला हवं तर उबुंटूवर डब्ल्यूएसडीडी (मशीन विंडोजच्या नेटवर्कमध्ये दाखवणारा छोटा प्रोग्रॅम) टाका, पण खरं तर त्यावाचून अडत नाही, एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश, मग उबुंटूचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), एंटर. राउटरमध्ये तो आयपी रिझर्व्ह करून ठेवा, नाहीतर उद्या बदलला की परत बोंब.
मॅकला पासवर्ड विचारत नाही म्हणजे भाच्याने शेअर गेस्टवर ठेवलाय. विंडोज ११ प्रो २४एच२ आवृत्तीपासून साइनिंग (प्रत्येक संदेशावर ओळखीची सही) मागतं, गेस्टला ते जमत नाही, म्हणून दार बंद. उबुंटूवर एक युजर करा आणि त्याला सांबाचा पासवर्ड वेगळा द्या, लॉगिनचा पासवर्ड आपोआप लागत नाही, इथंच लोक अडकतात.

रात्रपाळी:
रोज टाकता तो पिन असणार हो. पिन फक्त त्याच मशीनपुरता, नेटवर्कवरून चालत नाही. विंडोजवर शेअरिंगपुरतं एक लोकल अकाउंट काढा, नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट करा, मग मॅकवर फाइंडरमध्ये कमांड-के (सर्व्हरला जोडायला).

नासप्रेमी:
एवढी खटपट कशाला, एक नास (नेटवर्कला जोडायचा तयार साठवण-डबा) घ्या आणि मोकळे व्हा.

केबलवाला:
बहुतेक नासच्या पोटात लिनक्स आणि सांबाच असतं राव. युजर-पासवर्ड तिथंही करावेच लागतात.

छापखाना_सांगली:
पिनच होता 😀 आता सगळीकडून उघडतंय, धन्यवाद. पण एक विचित्र प्रकार, जुन्या मॅकच्या डिस्कवरून भाच्याने आरसिंक या प्रोग्रॅमने कॉपी केलेल्या काही फाइली उबुंटूवर सर्चमध्ये सापडत नाहीत. ‘दुसऱ्या पानाची जाहिरात’ समोर दिसतेय, शोधली की नाही म्हणतं. बाकी मराठी नावं बरोबर सापडतात.

रात्रपाळी:
नावात ‘ऱ’ आहे बघा. जुनी डिस्क एचएफएस प्लस (मॅकची जुनी फाइल-मांडणी) असेल तर ती ‘ऱ’ एक अक्षर म्हणून ठेवत नाही, ‘र’ आणि खालचा नुक्ता असे तुकडे करून ठेवते. डोळ्याला सारखंच दिसतं, पण लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावं. उबुंटूवर कन्व्हएमव्ही (फाइलींच्या नावांचं एन्कोडिंग बदलणारा प्रोग्रॅम) टाका, एनएफसीचा (तुकडे परत जोडून एक अक्षर करणारा) पर्याय देऊन आधी नुसतं चालवा, काय बदलणार ते दाखवेल, पटलं की नोटेस्ट (खरोखर बदल करायचा पर्याय) लावून परत चालवा. बॅकअप घेऊनच.