फोर-के आला म्हणून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे डीव्हीडी संच रद्दीत देऊ नका

घोडबंदरकर
ठाणे-नवी मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या ग्रुपांवर या तीन सिनेमांच्या त्रयीचे चार-चार डिस्कचे विस्तारित (वाढीव प्रसंगांचे) संच विकायला निघालेत: हिरवा, लालसर, निळा. कारण काय, तर २०२० चा फोर-के संच घेतला. कळकळीने सांगतो, थांबा. त्या संचात सिनेमे थिएटरच्या आणि विस्तारित अशा दोन्ही आवृत्त्यांत आहेत, चित्र उत्तम आहे, पण मेकिंगचा एक मिनिटही नाही. डीव्हीडी संचात मात्र चारपैकी दोन डिस्क नुसत्या ‘अपेंडिसेस’च्या, म्हणजे मेकिंगच्या. शिवाय सिनेमावर चार वेगवेगळ्या कॉमेंट्री: दिग्दर्शक आणि लेखिका, डिझाइनवाले, निर्मितीवाले, कलाकार. माझ्या मते हे सोडलं तर त्रयी अर्धीच पाहिली.

सीवूड्सकरीण
असहमत. जादूगार गँडाल्फ मोठा आणि बुटका फ्रोडो लहान दिसतो, एवढं मला पुरतं. त्यासाठी त्यांच्यापुढचं टेबल कसं कापलं ते कळलं की पुढच्या वेळी नजर टेबलावरच जाते. आणि वाढीव प्रसंगांचं एवढं कौतुक कशाला? तिसरा भाग २०१ मिनिटांचा २५१ झाला, त्यात काळ्या दरवाजापाशी अ‍ॅरागॉर्न बोलणी करायला आलेल्या शत्रूच्या दूताचं मुंडकं उडवतो. दूत अवध्य असतो हे आपण हनुमान-अंगदापासून ऐकत आलोय. राजा होऊ घातलेल्याला हे शोभत नाही. थिएटरच्या आवृत्तीत गाळलं तेच योग्य.

घोडबंदरकर
दूताचा प्रसंग नको होता, हे मान्य. पण दुसऱ्या भागातला ऑसगिलिअथचा प्रसंग घ्या: बोरोमिर, फॅरामिर हे भाऊ आणि बाप डेनेथॉर. तो नसेल तर फॅरामिर अंगठी बापाकडे न्यायला का निघतो हे नीट उमगत नाही. दुष्ट जादूगार सारुमानचा शेवटही विस्तारित आवृत्तीतच आहे.

आता टेबल. लहान दिसायचा नट कॅमेऱ्यापासून लांब बसवायचा, टेबलाचे दोन तुकडे दोन मापांचे करायचे आणि कॅमेऱ्यातून ते जुळतील असे मांडायचे, ही जुनीच युक्ती. ती दोन ठिकाणी अडते. जवळचा आणि लांबचा, दोघंही फोकसमध्ये हवेत, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) बारीक आणि दिवे भरपूर. शिवाय कॅमेरा जरा हलला की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, आणि सांधा उघडा पडतो. म्हणून अशा शॉटमध्ये कॅमेरा एका जागी खिळवून ठेवत. इथे त्यांनी नट आणि टेबलाचा तुकडा सरकत्या फलाटावर घेतला आणि तो फलाट कॅमेऱ्याच्या हालचालीशी जोडला. कॅमेरा फिरतो, तरी सांधा दिसत नाही. हे कळल्यावर तो प्रसंग मला जास्तच आवडतो.

पामबीच_रोड
यातलं बरंच आता नेटवर तुकड्यातुकड्यांत मिळतं. डीव्हीडीचं चित्र ५५ इंची टीव्हीवर बघवत नाही. त्यात खाडीकाठची दमट हवा. वन बीएचकेत एवढी जागा कोण अडवणार?

तलावपाळी
चित्र धूसर, हे खरंच. २०११ च्या ब्लू-रे संचातही तीच गत: १५ पैकी सिनेमाच्या ६ डिस्क ब्लू-रे, मेकिंगच्या ९ डीव्हीडीच. पण मुलाखती आणि कार्यशाळा बघायला तेवढं पुरतं. नेटवरचे तुकडे केव्हाही काढले जातात, आणि तीन-चार तासांची कॉमेंट्री तुकड्यांत ऐकण्यात मजा नाही.

जुना संच घेत असाल तर डब्यामागचा रीजन बघा, म्हणजे डिस्क कुठल्या प्रदेशाच्या प्लेअरवर चालेल तो आकडा. भारत ५, अमेरिका १, ब्रिटन २. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, मग कायमचा अडकतो. पाल (भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीची) डिस्क सेकंदाला २५ फ्रेमने चालते, त्यामुळे २०८ मिनिटांचा पहिला भाग २०० मिनिटांत उरकतो आणि आवाजाची पट्टीही बहुधा किंचित चढते. हॉवर्ड शोरच्या संगीतासाठी घेत असाल तर एनटीएससी (अमेरिकी पद्धतीची) शोधा.

पुसताना मऊ कापड मधल्या भोकापासून कडेकडे सरळ न्यायचं. गोल फिरवलं तर ओरखडा माहितीच्या रेघेवरूनच लांबवर जातो, आणि सलग एवढी गेलेली माहिती प्लेअरला भरून काढता येत नाही. प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ठेवू नका, पावसाळ्यात चिकटतात. मूळ डब्यात, उभ्या, शेजारी सिलिका जेलची पुडी.

सीवूड्सकरीण
ठेवा हो, पण पहिल्यांदा बघणाऱ्या मुलांना तरी मेकिंग आधी दाखवू नका.

घोडबंदरकर
अजिबात नाही. आधी थिएटरची आवृत्ती, मग विस्तारित, मग अपेंडिसेस. वेळ कमी असेल तर दोनच गोष्टी बघा. दुसऱ्या भागात वेलिंग्टनचं क्रिकेट मैदान: सामन्याच्या मध्यंतरात पीटर जॅक्सन खेळपट्टीकडे उतरतो आणि हजारो प्रेक्षकांकडून उरुक-हाय सैन्याच्या आरोळ्या म्हणून घेतो. हेल्म्स डीपच्या लढाईत ऐकू येतात त्या या. आणि तिसऱ्या भागात कॅमेरॉन डंकन. न्यूझीलंडचा हा मुलगा फिल्म बनवायचा, २००३ मध्ये कॅन्सरने गेला. शेवटच्या गाण्यामागे त्याची प्रेरणा आहे, आणि त्याच्या दोन छोट्या फिल्मही तिथे पूर्ण दिल्यात.

पामबीच_रोड
या कितव्या डिस्कवर?

घोडबंदरकर
निळ्या संचातल्या चौथ्या. आधी त्याच्यावरचा माहितीपट बघा, मग त्या दोन फिल्म.