मदत हवी आहे: महिन्याला किती वजन कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवावे?

माझे वय ४२, उंची १६५ सेंमी आणि वजन ८२ किलो असून थायरॉइड व साखरेचे अहवाल सामान्य आहेत. वजन टिकवण्यासाठी मला रोज साधारण २,००० कॅलरी लागतात, असे सूत्राने निघाल्यामुळे मी १,५०० कॅलरींचा आहार ठरवला. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी धरल्यास रोजच्या ५०० च्या तुटीने महिन्याला जवळपास दोन किलो उतरायला हवेत. प्रत्यक्षात सुरुवातीचा वेगवान उतार (तो बहुधा पाण्याचाच असावा) ओसरल्यावर महिन्याला जेमतेम एक किलो कमी होत आहे.

पोळीची कणीक मी वजन करून घेते. भाजी आणि रस्सा मात्र सगळ्या घरासाठी एकत्र होतो, त्यामुळे माझ्या वाटणीचे तेल अंदाजानेच धरावे लागते, आणि एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असल्याने हिशेब तिथेच चुकत असावा, अशी मला दाट शंका आहे. सकाळी फुटाळा तलावाच्या काठाने पाऊण तास भरभर चालते; गुडघेदुखीमुळे डॉक्टरांनी धावणे वर्ज्य सांगितले आहे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात उशिरा बाहेर पडणे शक्य नाही. जेवण याहून कमी करण्याची माझी तयारी नाही.

अशा स्थितीत महिन्याला एक किलो हेच वास्तव उद्दिष्ट मानावे का? चालण्यात खर्च होणाऱ्या कॅलरी वेगळ्या मोजाव्यात, की त्या २,००० मध्येच धरलेल्या असतात? आणि एकत्र शिजलेल्या भाजीतील तेल आपण कसे मोजता?