बजेट कमी असेल तर आधी मैदान बघा
कमी बजेटमध्ये मुलाला फुटबॉलसाठी काय काय घ्यावं, या प्रश्नावर कुणीतरी दिलेला 'दोन नंबर मोठे बूट घ्या, दोन सीझन निघतील' हा सल्ला पटला नाही. सैल बुटात पाय सरकतो, टाचेला फोड येतात आणि मूल जोरात किक मारायलाच कचरतं. फुटबॉलचे जाड मोजे घालून पुढे जेमतेम अर्धा इंच जागा राहिली की पुरे. स्वस्तातले घ्या, पण मापाचे घ्या. शिनगार्ड (नडगीला मार लागू नये म्हणून बांधायचं कवच) आधी घ्या, हा तिथलाच दुसरा सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर. खेळाच्या नियमांतच ते सक्तीचं आहे, आणि साधी जोडी काही शे रुपयांत मिळते.

मैदानाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून हे. लांब स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे टोकदार उंचवटे, हिरवळीसाठी असतात. आपल्याकडची बहुतेक मुलं मुरुमाच्या कडक मैदानावर नाहीतर भाड्याच्या टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) खेळतात. तिथे ते स्टड जमिनीत रुततच नाहीत, सगळा भार टाचेवर आणि घोट्यावर येतो. अशा ठिकाणी खाली बारीक रबरी गुट्ट्या असलेले टर्फ शूज हवेत. निव्हियासारख्या जालंधरच्या कंपन्यांचे चांगले मिळतात. महागडे स्टड घेऊन मुरुमावर पळणाऱ्या पोरांच्या टाचा दुखताना मी कोल्हापुरात पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

चेंडूही वयाप्रमाणे घ्या: आठच्या आत ३ नंबर, बारापर्यंत ४, पुढे ५. लहान मुलाला ५ नंबरचा जड पडतो. जर्सी शेवटी, कुठलीही चालते.