ट्रुमन आधी शेतकरी, मग फौजी... राजकारणात शिरला कसा?

बांधावरचा: अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन म्हटलं की सगळे थेट अणुबॉम्बवर येतात, मला त्याच्या आधीचं विचारायचंय. 1906 ते 1917 मिझुरी राज्यात ग्रँडव्ह्यू गावाला घरच्या 600 एकरांवर शेती, मग पहिल्या महायुद्धात तोफखान्यात कॅप्टन, आणि 1922 ला एकदम काउंटी जज? कायद्याची डिग्री नाही काही नाही, जज कसा झाला बुवा?

रिकामटेकडा: नावावर जाऊ नका. तिथला काउंटी जज म्हणजे रस्ते, पूल, कर, बजेट बघणारा निवडून आलेला माणूस, आपल्या झेडपीच्या सभापतीसारखा धरा. आणि शिरला तो फौजेमुळेच. 1918 ला फ्रान्समध्ये रात्री शत्रूच्या तोफा सुरू झाल्या आणि त्याच्या बॅटरी डी ची, म्हणजे त्याच्या तोफखान्याच्या तुकडीची, पोरं घाबरून पळायला लागली, तर हा जाड चष्म्याचा माणूस जागेवर उभा राहून अशा शिव्या घालत सुटला की पोरं परत फिरली! तीच पुढे आयुष्यभर त्याची माणसं झाली. परत येऊन मित्राबरोबर कॅन्सस सिटीत कपड्यांचं दुकान टाकलं ते 1922 ला बुडालं, दिवाळखोरी न घेता कर्ज वर्षानुवर्षं फेडत बसला. त्याच वेळी रेजिमेंटमधल्या जिम पेंडरगास्टच्या घरच्यांनी निवडणुकीचं विचारलं.

तिरकस: हो, आणि पेंडरगास्ट म्हणजे शहरातले बॉस लोक, तिथलं राजकारण मुठीत ठेवणारे. त्यांच्या जिवावर आला, कसला प्रामाणिक.

रिकामटेकडा: अर्धं खरंय. नोकऱ्या त्यांच्या माणसांना दिल्याच त्याने. पण 1926 ला प्रिसायडिंग जज, म्हणजे काउंटी जजांमधला मुख्य, झाल्यावर 1928 ला रस्त्यांसाठी बाँड (कर्जरोखे) काढले तेव्हा कंत्राटं सगळ्यात कमी टेंडरवाल्यांना दिली, बॉसचे कंत्राटदार दोस्त बसले बोंबलत. काही पैसा मात्र खाऊ दिला आणि ते त्याला डाचत होतं, मोठी रक्कम वाचवायला थोडी सोडली हे बरोबर केलं का असं स्वतःच्याच खासगी टिपणांत लिहून ठेवलंय.

बांधावरचा: मग शेतीचा उपयोग काय झाला?

रिकामटेकडा: अहो तेच तर! 1922 ची जागा काउंटीच्या पूर्वेकडच्या ग्रामीण भागाची होती. बॉस शहरातला, तिथे त्याला कोण विचारतो, शेतकऱ्यांना आपला वाटेल असा माणूस हवा होता आणि हा अकरा वर्षं नांगरामागे चाललेला. तरी 1924 ला पडलाच.