जर्मनीत परिचारिका म्हणून जावे की नॉरसेट द्यावी? अनुभवींचा सल्ला हवा आहे

नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंग केलेले असून मिरजेतील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करते. वय एकोणतीस. पुण्याच्या माक्स म्युलर भवनातून जर्मनची बी१ पातळी पूर्ण झाली आहे. परिचारिका म्हणून जर्मनीत मान्यता मिळण्यासाठी त्यापुढची बी२ पातळी लागते. दुसरीकडे, एम्समधील भरतीसाठीच्या नॉरसेट परीक्षेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी तीस वर्षे असल्याने माझ्याकडे फार वेळ उरलेला नाही. पाळ्या, घर आणि चार वर्षांची मुलगी सांभाळून अभ्यासाला जेमतेम दोन तास मिळतात आणि त्यांत दोन्ही परीक्षा बसत नाहीत. म्हणून आता एकच निवडणे भाग आहे.

पैशाचा हिशेब मी मांडून पाहिला आहे. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते, तर राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचे ३५,४०० पासून. खासगीत राबणाऱ्यांना यातला फरक सांगायला नको. जर्मनीत वृद्धसेवेतील पात्र परिचारिकेचे किमान वेतन जुलै २०२५ मध्ये ताशी २०.५० युरो झाले. मात्र आपल्या शिक्षणाची तिथल्या अभ्यासक्रमाशी तुलना होऊन, राहिलेली उणीव पूरक प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून निघेपर्यंत सहायक म्हणूनच काम करावे लागते आणि त्या काळात पगारही सहायकाचाच मिळतो.

माझी खरी अडचण कामाच्या स्वरूपाची आहे. इथे रात्रपाळीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा एबीजीचा (रक्तातील वायूंच्या तपासणीचा) नमुना मी घेते, आकडे पाहून डॉक्टरांना फोन लावते आणि ते वर येईपर्यंत सक्शन, औषधांचा वेग, घाबरलेले नातेवाईक हे सगळे माझ्याकडेच असते. तिथे गेलेल्या मैत्रिणी सांगतात की रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे ही आपल्याकडे मावशींवर किंवा नातेवाइकांवर सोपवली जाणारी कामे तिथे प्रशिक्षित परिचारिकेच्याच कर्तव्यात मोडतात, आणि शिरेत सुई लावण्यासारखी कामे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. आंघोळ घालण्यात मला कमीपणा वाटत नाही (ती नीट घातली तर पाठीला जखमा होत नाहीत, हे प्रत्येक सिस्टरला ठाऊक आहे), पण अनेक वर्षांत हाताला बसलेले अतिदक्षतेचे काम सुटेल, याची धास्ती वाटते.

यजमानांचे कवठेमहांकाळला कृषी सेवा केंद्र आहे आणि ते उचलून कुठेही नेता येण्यासारखे नाही. त्यांचा विरोध नाही. उलट, नॉरसेटमधून देवघर किंवा भटिंड्याचे एम्स मिळाले तरी मुलीला सासूबाईंकडेच ठेवावे लागेल, मग मायदेशात राहिलो असे म्हणण्यात काय अर्थ, हा त्यांचा प्रश्न आहे आणि त्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

सांगलीतील एका मध्यस्थाने मूळ प्रमाणपत्रे आणि कोरा धनादेश मागितल्यामुळे तो मार्ग मी सोडून दिला. केरळच्या नोर्काप्रमाणे (परदेशी जाणाऱ्यांसाठीची तिथली शासकीय संस्था) शासकीय पातळीवर जाणे मला सुरक्षित वाटते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आहे. त्या मार्गाने कोणी परिचारिका प्रत्यक्ष गेल्या असतील, तर भाषेच्या वर्गांपासून रुजू होईपर्यंत किती काळ गेला आणि पदरचा खर्च किती झाला, हे कृपया लिहावे.

तिथल्या अतिदक्षता विभागात काम मिळवलेल्या भगिनींनी मान्यतेनंतर तो विभाग मागून मिळतो का, हे सांगावे. परत आलेल्यांकडून दुसरे जाणून घ्यायचे आहे. राज्याच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला अडतीस वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. जर्मनीतील अनुभव घेऊन त्या वयाच्या आत परतलेल्या कोणाला इथे शासकीय सेवेत प्रवेश मिळाला आहे का? बी२ वर्गाचे शुल्क या महिनाअखेरीपर्यंत भरायचे आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिलेत तरी चालेल.