२०० तासांवर हेलिकॉप्टरची नोकरी मिळते का?

प्रश्न: सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) होऊन आठ महिने झाले, लॉगबुकात उड्डाणाचे २०० तास, जवळपास सगळे आर२२ या दोन सीटच्या छोट्या हेलिकॉप्टरवरचे. पन्नासेक मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. जिथे बघावं तिथे १००० तास आणि टर्बाइन इंजिनच्या हेलिकॉप्टरचा अनुभव मागतात, तो आणायचा कुठून?

उत्तर १: अरे सगळ्यांचं हेच होतं. इन्स्ट्रक्टर रेटिंग (उडवायला शिकवायची परवानगी) कर, शिकवताना तास तुझ्याही नावावर चढतात आणि पगार मिळतो, थोडाच का होईना. आणि कोणी बोलत नाही पण वजन सांभाळ. आर२२ चं कमाल वजन ६२२ किलो, त्यात मशीन, तू, स्टुडंट आणि इंधन सगळं बसवायचं, दोघंही धिप्पाड असले की टाकी कमी भरावी लागते.

उत्तर २: मेल टाकून काही होत नाही हो. मी हँगरवर जाऊन उभा राहिलो, दोन महिने ब्लेड पुसली, हेलिकॉप्टर आत-बाहेर ढकललं, मग एक इन्स्ट्रक्टर सोडून गेला तेव्हा समोर मीच होतो 😄

उत्तर ३: ऑफशोअरला (समुद्रातल्या तेल-विहिरींवर ने-आण) जायचं असेल तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडवायची परवानगी) लागणारच. टाइप रेटिंग (ठरावीक मॉडेल उडवायची परवानगी) मात्र स्वतःच्या पैशाने करू नका, नोकरी हातात नसताना तर नाहीच नाही.