मधुमेह आणि राहून गेलेल्या तपासण्या : तुमचे अनुभव सांगा

मागच्या महिन्यात आईची फाइल लावायला बसले. अकरा वर्षांच्या फास्टिंग-पीपीच्या (उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या साखरेच्या) चिठ्ठ्या, तारखेवार, स्टेपल मारून. डोळ्यांच्या पडद्याचा कागद मात्र एकही नाही. पायाचा नाही, लघवीचा नाही. "शुगर कंट्रोलमध्ये आहे ना?" एवढं विचारलं की आम्ही सगळे मोकळे. आकडा बरा आला की आईची त्या दिवशी जिलबी ठरलेली. मग पडदा तपासून घेतला, तर दोन्ही डोळ्यांत बारीक रक्तस्राव. आणि ही बाई अजून सुईत दोरा स्वतः ओवते!

तुमच्याकडे काय राहून गेलं, कसं लक्षात आलं, ते लिहा. सल्ले नकोत, घडलेलं हवं.

सांगलीकडची सून
सासऱ्यांचं सांगते. रानातून आले, पाय धुवायला बसले तर एकाच पायात चप्पल. दुसरी बांधावर कुठेतरी निसटलेली, यांना पत्ताच नाही. आम्ही हसलो. आठवड्याने तळव्यात बाभळीचा काटा सापडला, आत पू. दुखत नव्हतं म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. डॉक्टरांनी नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी तळव्याला ठिकठिकाणी टेकवलं. "डोळे मिटा, लागलं की सांगा." दहापैकी तीनदाच "हो" आलं. साखरेने तळवे बधिर झालेले. एक बोट काढावं लागलं, पाय वाचला. आता रोज रात्री सासूबाई बॅटरी घेऊन तळवे बघतात. मामंजी म्हणतात, लग्नात पडली नसेल इतकी माझ्या पाया पडते हल्ली.

लॅबवाला
मी रक्त घेतो. तपासणीआधी चार दिवस भात बंद, गोड बंद, आणि रिपोर्ट हातात पडला की पेढे, हे रोज बघतो. एचबीएवनसीपुढे, म्हणजे तांबड्या पेशींत किती साखर चिकटली ते मोजणाऱ्या तपासणीपुढे, ही चलाखी चालत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचं खाणं त्यात उतरतं. एक काका भांडायलाच आले. "फास्टिंग ९८ आणि हे ९.१ कसं? मशीन बिघडलंय तुमचं." हिमोग्लोबिन फार कमी असेल तर मात्र हा आकडाही फसवू शकतो. आणि हो, पीपीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. निम्मे लोक हात धुतल्यापासून मोजतात.

निवृत्त मास्तर
क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ताची तपासणी) नॉर्मल, म्हणून मी निर्धास्त. नव्या डॉक्टरांनी लघवीची एसीआर, म्हणजे लघवीतून प्रथिन किती जातं ती तपासणी, करायला लावली. ३० च्या आत हवी, माझी १४०. क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडाचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं, हे तेव्हा कळलं. आठ वर्षं जिथे जात होतो तिथे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, म्हणजे निम्मा दोष माझा. गोळी बदलली, मीठ तोडलं, सहा महिन्यांनी ६० वर आली. कैरीच्या लोणच्याचं दुःख वेगळंच.

स्कूटरवाला
पडदा तपासायला डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब घालून घेतले आणि भर उन्हात स्कूटरवरून घरी निघालो. समोर सगळं पांढरंफटक. रिक्षाने जा, बाबांनो.

इंग्लंडहून
इथे मधुमेहाची नोंद झाली की पडद्याच्या फोटोसाठी एनएचएसचं (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) पत्र घरी येतं. फुकट असतं. मी दोनदा ते फ्रिजवर चिकटवून विसरलो. आता बायकोने दुधाच्या कपाटावर लावलंय.

धागाकर्ती
चपलेचा किस्सा आईला वाचून दाखवला. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "श्रावणात देवळाबाहेर माझी एक चप्पल चोरीला गेली म्हणाले होते ना, चोर एकच कशी नेईल गं?"

मंगळवारची वेळ घेतली आहे, पायासाठी.